निरगाठ रॅक घेतो

मुकादम सायकलचा रॅक विकत घेणार आहेत, ही बातमी गोदामात पसरायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. ड्रायव्हरनं ती खोकेवाल्याला सांगितली, खोकेवाल्यानं वजनकाट्यावर सांगितली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती फुगून अशी झाली की मुकादम नोकरी सोडून सायकलींचं दुकान टाकतायत. लोकांचं तरी काय चुकलं? पट्टीचा पोहणारा होडीच्या तिकिटाच्या रांगेत दिसला, तर काठावरचे माना वळवणारच.

कारण हा माणूस म्हणजे दोरी. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं तो पॅकिंगला होता, त्यातली शेवटची चौदा मुकादम म्हणून. तीन दारांची आरशाची कपाटं, माशांच्या काचेच्या टाक्या, एक पियानो, आणि एकदा तर एका निवृत्त न्यायाधीशांचा भुसा भरलेला कोल्हा, असं काय काय त्यानं बांधून जिथल्या तिथं पोचवलं होतं. कोल्ह्याचा एक कान आधीच तुटलेला होता. तो मात्र त्यानं निघण्यापूर्वी न्यायाधीशांकडून लिहून घेतला होता. तोंडावर सगळे त्याला मुकादम म्हणत आणि पाठ फिरली की निरगाठ. एकदा बसली की सुटत नाही, अशी ख्याती गाठीचीही होती आणि माणसाचीही. बायको दोन्ही नावं तोंडावरच घ्यायची.

गोदामात एक रिवाज होता. लिहिलेला कुठेच नव्हता, पण मोडायची छाती कुणाची नव्हती. ज्यानं बांधलं, त्यानंच सोडायचं. सामान पोचल्यावर काच तडकलेली निघाली, तर भांडण कशाला? गाठ बघायची. प्रत्येकाची गाठ वेगळी, जशी प्रत्येकाची सही वेगळी. निरगाठाची तीन वेढ्यांची असायची आणि तिचं टोक दोन बोटं बाहेर राहायचं, रुसलेल्या मांजराच्या शेपटासारखं ताठ. आणि वाटेत दुसऱ्या कुणी त्या गाठीला हात लावलाच, तर तिथून पुढं ते सामान हात लावणाऱ्याचं. एका ड्रायव्हरनं एकदा चांगल्या मनानं त्याची दोरी जरा आवळली होती. पोचल्यावर निरगाठ फुटपाथवर मांडी घालून बसला. म्हणाला, "आता तूच उतरव." बिचारा ड्रायव्हर दोन तास एका सोफ्याशी झोंबत होता आणि घरमालकीण खिडकीतून मजा बघत होती.

तर असा माणूस, आणि गेल्या हिवाळ्यापासून बोटं त्याचं ऐकेनाशी झाली.

सकाळी तर विचारूच नका. मूठ वळायला अर्धा तास. गरम पाण्याच्या तांब्याभोवती दोन्ही हात धरून तो न्हाणीघरात उभा राहायचा आणि बाहेरून बायको विचारायची, "अहो, आंघोळ करताय की तप?" चिमटीत जोर उरला नव्हता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटायचे, पण अनोळखी माणसांसारखे. गोदामात तो म्हणू लागला, "नवीन पोरांना शिकू दे, मी बघतो." पोरं खूश झाली, मुकादम मायाळू झाले म्हणून. घरी त्यानं बटणांचे शर्ट कपाटात सारले आणि डोक्यातून घालायचे बनियनसारखे शर्ट आणले. नाडीचे बूट जाऊन पाय सरकवायचे बूट आले. साडूनं चिडवलं, "काय साडूभाऊ, म्हातारपणी फॅशन?" तर हा म्हणाला, "वारा लागतो पायांना." काय वारा लागायचा! बूट चारी बाजूंनी बंद होते.

कुणाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? गाठ गेली की मुकादम गेला, मग उरतो तो खोकी मोजणारा एक उंच माणूस. गोदामात हे आज ना उद्या कळणार, हे त्याला पटलं होतं. पण घरात कळू नये, एवढी एकच गोष्ट त्यानं मुठीत धरून ठेवली होती. मूठ वळत नसताना.

आणि घरातला सगळा धोका रविवारी होता.

त्याची बायको एका रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टर. गल्लीतले सगळे तिला सिस्टरच म्हणत. बावन्नाव्या वर्षी तिनं सायकल शिकायचं मनावर घेतलं. दोनदा पडली, एकदा तर भाजीवाल्याच्या छत्रीत घुसली, आणि तिसऱ्या महिन्यात नवऱ्याला मागं टाकून जाऊ लागली. त्यांच्या घरापाशी चढ, त्यात ट्रकांची ये-जा. म्हणून दर रविवारी सकाळी दोन्ही सायकली गाडीच्या टपावर टाकून अठरा किलोमीटरवर कालव्याच्या सपाट रस्त्याला जायचं आणि तिथं चालवायच्या, असा नेम पडला होता. आठवड्यातून सहा दिवस दुसऱ्यांच्या जखमा बघणारी ही बाई रविवारी कालव्याकाठी पोरीसारखी घंटी वाजवत जायची. समोर चिटपाखरू नसतानासुद्धा.

रॅक वगैरे काही नव्हतं. टपावर जुनी चादर, तिच्यावर दोन सायकली आडव्या, आणि निरगाठाची दोरी. दोन वर्षं एक स्पोकसुद्धा हलला नव्हता.

मग तो रविवार आला. साडू आणि मेव्हणी त्यांच्या गाडीतून मागोमाग होते. वाटेत नेहमीच्या पेट्रोलपंपावर थांबले, कारण बायकोला तिथला चहा लागायचा. निरगाठ नेहमीप्रमाणे हात धुवायला गेला, चहा झाला, निघाले. कालव्यावर पोचल्यावर त्यानं दोरी सोडायला हात वर केला आणि तो हात तिथंच राहिला.

गाठ त्याची नव्हती.

तीन वेढे नव्हते. शेपूट नव्हतं. चपटी, इस्त्री केल्यासारखी गाठ, आणि टोक दुमडून आत खोचलेलं. अंगावर झुरळ पडल्यासारखा तो दचकला. कुणाला काही न बोलता पाच मिनिटं तिच्याशी झगडला, शेवटी पान्ह्याच्या टोकानं उचकटली. त्या दिवशी तो सायकल चालवत होता की ढकलत होता, ते त्याचं त्याला कळलं नाही. कुणीतरी हात लावलाय. म्हणजे कुणाला तरी कळलंय.

संशय अर्थातच साडूवर. दुसरं होतंच कोण? बायकोचा विचारही त्याच्या मनात आला नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या गृहस्थानं घरात दुसऱ्या कुणाला कचऱ्याच्या पिशवीचं तोंडदेखील बांधू दिलं नव्हतं. तिला गाठ येते की नाही, हे त्याला माहीत असायचं कारणच काय?

सरळ विचारील तर तो निरगाठ कसला. त्यानं साडूला घरी बोलावलं, रद्दीचा गठ्ठा पुढं ठेवला आणि म्हणाला, "जरा बांधा बरं एवढं, मी दोरी धरतो." साडूनं जे काही बांधलं ते बघून कावळासुद्धा म्हणाला असता, माझं घरटं बरं. मेव्हणी हसून लोटपोट झाली. "भावोजी, यांना पायजम्याची नाडी मी काढून देते. तुम्ही कुणाला कामाला लावलंत!"

म्हणजे साडू सुटला. पण निरगाठाच्या जिवाचा घोर वाढला, कारण आता कुणावरही संशय घेता येत होता. शेवटी त्यानं एक युक्ती काढली. रॅक घ्यायचा. रॅक आला की दोरी नाही, दोरी नाही तर गाठ नाही, आणि गाठच नाही म्हटल्यावर कुणाला काय कळणार? रात्रीच्या जेवणात भाताकडे बघत त्यानं जाहीर केलं, "टपाचा रंग खराब होतोय. रॅक घेऊ."

बायकोनं घास थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "घेऊ," एवढंच म्हणाली.

एवढं सोपं असतं तर मग काय हवं होतं!

साडूकडे गाडीच्या मागच्या हुकावर बसणारा रॅक होता आणि त्याबद्दल तो नव्या जावयाबद्दल बोलावं तसा बोलायचा. "काय शांत आहे! काही तक्रार नाही! मध्येमध्ये नुसतं पुसायचं!" त्यानंच समजावलं की रॅकच्या जाती तीन. एक टपावरचा, एक डिकीला पट्ट्यांनी लटकणारा, आणि एक त्याच्या जावयासारखा. यांच्या गाडीला मागं हुक नाही, तो आधी बसवून घ्यावा लागणार. "पण घ्याच तुम्ही, साडूभाऊ. नाव काढाल."

चार शनिवार नवरा-बायको दुकानं हिंडली. ती तीनला सुटायची. आठ तास उभं राहून सुजलेल्या पायांनी बसमधून उतरायची आणि तो गाडी घेऊन कोपऱ्यावर थांबलेला असायचा. पहिल्या दुकानात टपावरचा रॅक पाहिला. त्यात चाक अडकवायला दातेरी पट्टी होती, ती चिमटीत धरून ओढायची. निरगाठानं ती लांबूनच पाहिली आणि म्हणाला, "ही उन्हात कडक होणार." दुसऱ्या दुकानात म्हणाला, "याचा रबर वास मारतोय." तिसऱ्या दुकानात एक नट होता, वाटाण्याएवढा, हातानं फिरवायचा. त्यावर म्हणाला, "डिझाइनवाल्यानं कधी सामान बांधलेलं दिसत नाही." दुकानदारही ऐकून घेत, कारण बोलणं जाणकाराचं होतं. हात मात्र त्यानं एकदाही खिशातून बाहेर काढला नव्हता.

"अहो, रॅक बघताय की मुलीला स्थळ?" चौथ्या शनिवारी गाडीत बसताना बायको म्हणाली. बुटाची टाच तिनं खाली दाबली होती, कारण पाय आत मावत नव्हता. "एकाचं नाक नकटं, एकाचा बाप तिरसट. माझी सायकल बिनदांड्याची, ती लटकवता येत नाही, एवढं बघायचं होतं. तुम्ही तर वास घेत फिरताय."

"घाईनं घेतलेली वस्तू घरात टोचते."

"मला सध्या बूट टोचतोय. हे शेवटचं दुकान. नाहीतर दोरी आहेच आपली."

दोरी म्हटल्यावर त्यानं गाडी सुरू केली.

शेवटचं दुकान जुन्या बाजाराच्या मागं होतं. आत टायरचा आणि ग्रीसचा वास, छताला उलट्या टांगलेल्या सायकली, आणि दुकानदार म्हणजे नाकावर चष्मा, कपाळावर आठी, गिऱ्हाईक आलं की व्यत्यय आल्यासारखा चेहरा. त्यानं एका भंगार गाडीची नुसती डिकी भिंतीला ठोकून ठेवली होती. तिच्यावर पट्ट्यांचा रॅक चढवून दाखवला. सहा पट्टे, सहा बकलं.

"पट्टे घासणार," निरगाठानं सुरुवात केली. "रंग जाणार."

"खाली फोम आहे."

"डिकी उघडायची झाली तर?"

"नाही उघडायची. लावून तर बघा, काका. इथं अंगठ्यानं दाबायचं आणि पट्टा ओढायचा. बालवाडीतलं पोरगंही करेल."

हे लागलं. एकतीस वर्षांच्या मुकादमाला बालवाडीतलं पोरगं दाखवतात म्हणजे काय! चार शनिवारांत पहिल्यांदा त्याचा हात खिशातून बाहेर आला. अंगठा बकलावर ठेवला, दाबला. बकल ढिम्म. त्यानं खांद्याचा जोर लावला. बकल उघडलं, अंगठा घसरला आणि खटकन परत मिटलं, मधे अंगठ्याची कातडी घेऊन. रक्ताचा थेंब दुकानदाराच्या स्वच्छ फोमवर पडला.

"अरे अरे," दुकानदार म्हणाला. फोमला म्हणाला.

बायकोच्या पर्समध्ये पैसे नसतील, पण बँडेजचा रोल असायचाच. तिनं त्याचा हात ओढून काउंटरवर ठेवला, दोन फेर, चार फेर, टोक फाडून दोन केले, गाठ मारली आणि उरलेलं टोक बोटानं आत खोचलं. दहा सेकंदांचं काम. दिवसाला वीस वेळा करायची.

निरगाठ अंगठ्याकडे बघत राहिला. चपटी गाठ. इस्त्री केल्यासारखी.

"टोक आत का खोचलंस?"

"बोचू नये म्हणून. बाहेर राहिलं की पेशंट उकरत बसतो."

"पंपावर तू हात लावलास," तो म्हणाला. "माझ्या गाठीला."

ती रोल गुंडाळायला लागली. तो आधीच गुंडाळलेला होता. दुकानदारानं एक हेल्मेट उचललं आणि पुसायला घेतलं. असं हेल्मेट कुणी आजवर पुसलं नसेल, एवढ्या हळू, आणि कान सगळे इकडे.

"एक ड्रायव्हर सोडला तर एकतीस वर्षांत कुणाची टाप नव्हती. तुला रिवाज माहीत आहे. दुसऱ्याची गाठ सोडायची नसते."

"मी सोडली नाही हो," ती म्हणाली, आवाज खाली करून. "सुटलेली होती."

त्यानं अंगठ्यावरची चपटी गाठ दुसऱ्या हातानं चाचपली.

"तुमची सायकल टपावरून हातभर बाहेर आली होती. मागं बहिणीची गाडी होती. चार महिने झाले, दर रविवारी तुम्ही हात धुवायला गेलात की मी ओढून बघते. नुसतं ओढून. त्या दिवशी पहिल्यांदा हातात आली."

"म्हणून तो चहा."

"भयंकर असतो तो चहा. तुम्हाला काय वाटलं, मी त्यासाठी थांबते?"

हेल्मेटवाल्याला ठसका लागला.

"कधीपासून कळलंय तुला?"

"ते बनियनसारखे शर्ट आणलेत ना, तेव्हापासून. अहो, मी दिवसभर लोकांचे हात बांधते. घरातले दोन मला दिसायचे नाहीत?"

"मग बोलायचं होतंस."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. एक दिवस तुम्ही म्हणालात, रॅक घेऊ. म्हटलं चला, तोंड उघडलं निरगाठानं." तिनं पर्सची चेन लावली. "पण नंतर तुम्ही रबराचा वास घ्यायला लागलात."

त्याला चिडायचं होतं. चिडायला लागतो तेवढा दम त्यानं आत शोधलाही, पण सापडला नाही. सकाळचा गरम पाण्याचा तांब्या, खिशातले हात, पोरांना शिकू दे, पायांना लागणारा वारा, या सगळ्याचं ओझं एकदम खांद्यावर आल्यासारखं झालं. पियानो जिन्यावरून उतरवतानाही असं झालं नव्हतं.

"दमलो गं मी," तो म्हणाला.

"दिसतंय. बसा त्या स्टुलावर."

तो बसला. स्टूल एका पायानं लंगडं होतं, तरी बसला. मग सिस्टर दुकानदाराकडे वळली, ड्रेसिंगच्या खोलीतल्या आवाजात. "ते हेल्मेट ठेवा आता, झिजेल. ऐका. यांच्या बोटांत जोर नाही. माझा हात खांद्याच्या वर जात नाही. एक सायकल बिनदांड्याची. काय आहे तुमच्याकडे?"

"हे आधी सांगायचं ना, बाई!" दुकानदाराची आठी पहिल्यांदा सैल झाली. त्यानं आतून एक रॅक ओढत आणला आणि दुकानातली एक सायकल त्यावर चढवून दाखवली. गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन पन्हाळी, सायकल उचलायची नाही, नुसतं चाक चढवायचं. दांड्याची गरज नाही. आणि आवळायला मुठीएवढा गोल खटका, तो तळहातानं फिरवायचा. "माझ्या आईच्या गुडघ्यांना आणि माझ्या पाठीला हाच चालतो. पण गाडीला हुक बसवावा लागेल. दोन आठवडे."

निरगाठानं स्टुलावर बसूनच हात पुढं केला. तळहात ठेवून फिरवलं. कट, कट, कट. बसला. त्यानं सायकल हलवून पाहिली, मग परत हलवून पाहिली. वाईट नव्हता. वाईट नव्हता, याचंच त्याला फार वाईट वाटलं.

"साडूसारखाच आहे," तो पुटपुटला. "आता तो वर्षभर बोलेल."

"बोलू दे. पायजम्याची नाडी येत नाही त्याला."

सोमवारी गोदामात एक काचेचं कपाट निघायचं होतं. निरगाठानं सगळ्यात जुन्या गड्याला बोलावलं, दोरी त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "आजपासून तू बांध. सोडायचंही तूच. माझे हात गेले." गड्यानं त्याच्या अंगठ्याच्या बँडेजकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, दोन दिवसांचं आहे. निरगाठानं त्याचा गैरसमज तसाच राहू दिला नाही. दोनदा सांगितलं. मग खोकी मोजायला गेला. मोजताना दोनदा चुकला.

मधल्या रविवारी हुक अजून बसायचा होता, पण सायकली थांबणार होत्या थोड्याच. सकाळी बायको गाडीच्या दारातल्या पायरीवर चढून टपावर दोरी टाकत होती आणि तो खाली खिशात हात घालून उभा होता.

"तिसरा वेढा."

"माझ्या गाठीला दोनच असतात."

"सायकल आहे ती, ढोपर नाही."

"ढोपरं पडत नाहीत माझी. चला."

वाटेत पंप आला. रविवारी स्टिअरिंग तिच्याच हातात असायचं, पण आज ती थांबली नाही. पंप मागं गेल्यावर त्यानं आरशात पाहिलं, वर टपाकडे पाहिलं, आणि मग सीटला डोकं टेकून डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी त्याला त्या रस्त्यावर डुलकी लागली.

कालव्यावर ती पुन्हा पायरीवर चढली. चपटी गाठ अठरा किलोमीटर ओढली जाऊन अशी बसली होती की नख शिरेना. तिनं दोन मिनिटं उचकटून पाहिलं आणि पर्समधून ड्रेसिंगची कात्री काढली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती तशीच थांबली, कात्री हवेत. ड्रेसिंगच्या खोलीत गाठ कुणी सोडत बसत नाही, कापतात. पण या माणसासमोर दोरीला कात्री म्हणजे! अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यानं पोस्टाच्या पार्सलचा सुतळीचा तुकडादेखील कधी कापू दिला नव्हता. घरात सुतळीचं एक अख्खं खोकं भरलेलं होतं.

"अहो?"

निरगाठानं दोरीकडे पाहिलं. ती त्याची आवडती होती, सात वर्षं जुनी, हातांनी मऊ झालेली. मग त्यानं बायकोच्या पायांकडे पाहिलं. आज तरी बूट पूर्ण आत गेला होता.

"बांधलंस तू," तो म्हणाला. "तुझं तू बघ."

"कापू?"

"काप."

दोरी पडली. त्यानं दोन तळहातांमध्ये धरून तिची सायकल खाली घेतली आणि रस्त्यावर उभी केली. ती चढली आणि पुढं गेली, नेहमीसारखी घंटी वाजवत, समोर कुणी नसताना. त्यानं दोरीचे दोन तुकडे उचलून खिशात घातले, आपली सायकल काढली आणि सावकाश तिच्या मागं निघाला. पकडायची घाई नव्हतीच.